करड्या मोज्यातली बाटली

१

महिन्यातून एका रविवारी, दुपारची जेवणं उरकली की ती टेबलावर पांढरी चादर अंथरायची. पांढरी अशासाठी, की ग्लासातल्या वाइनचा रंग नीट कळावा. पाव, चीज, अक्रोड मांडायचे. शिवाय चूळ टाकायला चिनीमातीचं एक भांडं ठेवायचं. त्यात आजवर कोणी चूळ टाकलेली तिनं पाहिली नव्हती. मग घंटी वाजायची आणि तिघं यायचे. दातांचे डॉक्टर, विमा विकता विकता सगळ्या जगासाठी नुसते 'विमा' होऊन बसलेले भाऊजी, आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या बाई. प्रत्येकाच्या काखेत कागदात गुंडाळलेली एकेक बाटली असायची. चौथी घरची.

ही बैठक तिच्या नवऱ्यानं सुरू केलेली. तो पुस्तकं बांधायचा. बोटांना कायम सरस चिकटलेला आणि वाइन ओळखण्यात बाकीच्यांपेक्षा सरस, म्हणून मित्रांनी त्याचं नावच सरस ठेवलं होतं. नियमही त्याचाच होता, झाकून प्यायचं आणि उघडून भांडायचं. बाटल्यांवर कागदी पिशव्या चढवायच्या, चव घ्यायची आणि ओळखायचं, की वाइन नुसत्या कॅबर्ने द्राक्षाची आहे की बोर्दोच्या रीतीनं चार-पाच जातींची द्राक्षं मिसळून केलेली. नुसत्या कॅबर्नेला तो 'एकांडा' म्हणायचा. बोर्दो म्हणजे 'एकत्र कुटुंब'. एकत्र कुटुंबात कोण कुणाचं ते विचारू नये, असं म्हणून तो डोळा मिचकवायचा.

सरस गेला त्याला वर्ष होत आलं होतं. तो गेल्यानंतरच्या थंडीत तिला ताप आला आणि जाताना तिचं नाक घेऊन गेला. कसलाही वास येईना, जिभेला चव कळेना. तोवर ती त्याचं कपाट उघडून उभी राहायची, त्याच्या कपड्यांच्या वासावर एकेक दिवस ढकलायची. आता कपाट उघडणं म्हणजे रिकामा डबा उघडणं. तो उरला होता तेवढा तिच्या डोक्यात. तेवढा तिनं मूठ आवळून धरून ठेवला होता.

बैठक तिनं मोडली नाही, कारण त्या एका दुपारी त्याचं नाव या घरात मोठ्यानं घेतलं जायचं. पण तिघं ग्लास घोळवायला लागले, मिटल्या डोळ्यांनी माना डोलवायला लागले, की तिच्या कानशिलांत काहीतरी तापायचं. वहिनींना काय, शाई ओतून दिली तरी चालेल, असं विमा भाऊजी म्हणायचे आणि तीही सगळ्यांबरोबर हसायची. लोकांच्या लेखी ती गरीब गाय होती. तिचा राग एकट्या नवऱ्याला ठाऊक होता. घरात, दार लावल्यावर, तो तिला 'फणकारबाई' म्हणायचा. चारचौघांत चुकूनही नाही.

कागदी पिशव्या फाटतात म्हणून बाईंनी तिला बाटल्यांसाठी लोकरीचे मोजे विणायला सांगितले. उरल्यासुरल्या लोकरीतून लाल, निळा, पिवळा झाला. शेवटच्याला लोकर पुरेना, तेव्हा तिनं नवऱ्याच्या करड्या स्वेटरची एक बाही उसवली. मनात आलं, बसू दे की त्यालाही टेबलावर.

२

मोजे पहिल्यांदा वापरले त्या दुपारी बाईंनी स्वयंपाकघरात जाऊन बाटल्यांवर मोजे चढवले आणि त्यांच्या जागांची अदलाबदल करून बाहेर आणल्या. कुठल्या मोज्यात कुणाची बाटली, ते बाईंनाही धड सांगता आलं नसतं.

लाल मोज्यावर नेहमीसारखा वाद झाला. डॉक्टरांना काळ्या मनुकांचा वास आला, बाईंना सिमला मिरचीचा, आणि विमा भाऊजी म्हणाले की हे वाइन पितात की भाजी आणायला निघालेत ते त्यांना कळेनासं झालंय. निळा आणि पिवळा मोजाही असाच गेला.

मग करडा. डॉक्टरांनी ग्लास नाकाशी नेला आणि ते बोलायचे थांबले. बराच वेळ हुंगून ते म्हणाले, पेन्सिल तासल्याचा वास आहे. यात नवल नव्हतं. कॅबर्नेला पेन्सिलीचा वास येतो असं सगळेच म्हणतात. बाई म्हणाल्या, चामडं. तेही ठीक. नंतर बाई हळूच म्हणाल्या, "आणि सरस. उकळत ठेवलेला."

कोणी हसलं नाही. विमा भाऊजींनी डोळे मिटले होते. त्यांचा आवाज एरवीपेक्षा खाली आला होता.

"लवंग आहे," ते म्हणाले. "दाढेखाली धरलेली. दुखतंय, पण सांगायचं नाहीये कुणाला."

तिच्या हातातला पाव तसाच राहिला. नवऱ्याची दाढ शेवटच्या वर्षात ठणकायची. मित्र दातांचा डॉक्टर, आणि हा त्याच्या खुर्चीला घाबरायचा, म्हणून गालात लवंग धरून गप बसायचा. माझी लाज काढू नकोस, असं त्यानं तिला बजावलं होतं. तिनं ते मेल्या माणसाचं गुपित म्हणून आजवर जपलं होतं.

तिनं विमा भाऊजींना विचारलं, हे कुणी सांगितलं. ते गोंधळले. ग्लासातच आहे, म्हणाले, हुंगून बघा की. मग आपण कुणाला काय म्हणालो ते लक्षात येऊन त्यांनी जीभ चावली.

तिघांनीही एकत्र कुटुंब असं सांगितलं. इतक्या तऱ्हा एका द्राक्षात मावत नाहीत, डॉक्टर म्हणाले. मोजा काढला तर आत डॉक्टरांनीच आणलेली, नाक्यावरच्या दुकानातली, साधी एकांडा कॅबर्ने होती. बाटलीत थोडी उरली होती. डॉक्टरांनी ती पुन्हा चाखली आणि तोंड वाकडं केलं. आता त्या वाइनला कसलाच वास येत नव्हता, नुसती तुरट लागत होती.

३

ग्लास विसळताना तिनं स्वतःची समजूत घातली. जुने मित्र आहेत. त्याच्या दुकानात तासन्‌तास बसलेले. सरस काय, चामडं काय, त्यांच्याही नाकात बसलेलंच असणार. लवंग त्यानं कधीतरी त्यांच्यासमोर तोंडात टाकली असेल. आठवण जागी झाली आणि त्यांना वाटलं, वाइनमध्ये आहे. शहाण्यासुरत्या माणसानं यात डोकं घालू नये.

तरी राग निवेना. लवंग तिची होती. तो हात गालावर ठेवून खिडकीशी बसायचा, ती चिडायची, आणि तो म्हणायचा, झालं, आल्या फणकारबाई. तो गाल तिनं डोळ्यांसमोर आणला. कुठला गाल? डावा की उजवा? सकाळपर्यंत हे विचारायची गरज नव्हती. सकाळपर्यंत तिला तो आख्खा दिसायचा, गालफाड सुजलेलं, केस विस्कटलेले. आता खिडकी दिसत होती, खुर्ची दिसत होती, आणि खुर्चीत कुणीतरी बसलेलं होतं, पण त्याचा हात कुठे होता ते काही केल्या दिसेना.

दुसऱ्या दिवशी ती खाली जाऊन बाईंना बोलावून घेऊन आली. कपाट उघडलं आणि म्हणाली, माझं नाक गेलंय, तुम्ही बघा. बाईंनी त्याचे सदरे हुंगले, एका बाहीचा करडा स्वेटर तोंडावर धरून श्वास घेतला.

"धुतलेस का गं सगळे?"

तिनं काहीच धुतलं नव्हतं. धुवायचं तिनं मुद्दाम टाळलं होतं.

"कशालाच वास नाहीये," बाई म्हणाल्या. "दुकानातून आणल्यासारखे आहेत."

बाईंचा चेहरा कनवाळू होता. आणि त्याच वेळी, तिला असं वाटलं, जेवून उठलेल्या माणसाचा होता.

४

पुढच्या बैठकीआधी तिनं करडा मोजा हातपुसण्यांच्या खणात तळाशी दडपला आणि चौथ्या बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळलं. बाई आल्या, थेट खण उघडला, मोजा काढला. हा इथे कशाला टाकलास, म्हणून वर तिलाच बोलल्या.

लाल, निळा, पिवळा त्यांनी घाईघाईनं उरकला. आवडीचा पदार्थ शेवटी येणार हे माहीत असलेली पोरं पानातलं बाकीचं कसं संपवतात, तसं. कुणी वाद घातला नाही. मग करड्या मोज्यातली वाइन ओतली गेली आणि खोलीत नुसता त्यांच्या श्वासांचा आवाज उरला. आत घेतलेला, रोखलेला, सोडलेला. तिच्या लक्षात आलं, तिघांचा श्वास एकदमच वर-खाली होतोय.

हीटरवर वाळत घातलेला ओला स्वेटर, बाई म्हणाल्या. दाढीचा साबण, स्वस्तातला, विमा भाऊजी म्हणाले. डॉक्टरांनी मोठा घोट घेतला आणि तो तोंडात फिरवत राहिले.

"बसथांबा आहे. संध्याकाळ. पाऊस. एक मुलगी छत्री मिटवायचा प्रयत्न करतेय आणि ती मिटत नाहीये. ती छत्रीवर अशी चिडलीय, की हसू येतंय."

"वासात छत्री कशी येईल, डॉक्टर?" तिनं विचारलं. स्वतःचाच आवाज तिला चिरका वाटला.

"येतेय खरी," डॉक्टर म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. त्यांना त्या मुलीचं फार कौतुक वाटत होतं.

ती उठून उभी राहिली. ती मुलगी म्हणजे ती स्वतः होती. ती संध्याकाळ दोनच माणसांना माहीत होती. त्यातलं एक गेलं, आणि दुसरं इथे पाव कापत उभं होतं, आणि हा दातांचा डॉक्टर ती घोटाघोटानं गिळत होता. तिला त्याच्या हातातला ग्लास हिसकावून घ्यावासा वाटला. पण तेवढ्यात विमा भाऊजींच्या हाताकडे तिचं लक्ष गेलं. कागदी रुमालाची घडी घालून ते अंगठ्याच्या नखानं तिची दुमड दाबत होते, एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुस्तकं बांधणारी माणसं पानं दुमडतात तशी. जन्मात पुस्तक न उघडलेला माणूस.

तिनं मोठ्यानं विचारलं, हे काय चाललंय तुमचं.

विमा भाऊजींनी मान वर केली आणि लाडानं, अगदी घरगुती सुरात म्हणाले, "झालं. आल्या फणकारबाई."

तिनं विचारलं, काय म्हणालात. ते म्हणाले, मी कुठे काय बोललो. बाईंनी आणि डॉक्टरांनीही काही ऐकलं नव्हतं. तिघंही तिच्याकडे काळजीनं बघत होते. ती काळजी खरी होती, आणि तिला त्याचीच सगळ्यात जास्त चीड आली. तिनं दार उघडलं आणि तिघांना घालवून दिलं. जाताना डॉक्टरांनी ग्लास तळापर्यंत निपटून ठेवला.

५

आता ती रोज चाचपून बघायला लागली. छत्रीची संध्याकाळ गेली होती. म्हणजे अशी एक संध्याकाळ झाली होती हे तिला माहीत होतं, गोष्टीत वाचल्यासारखं. तो काय बोलला होता, छत्री त्यानं मिटवली की तिनं, काही नाही. त्याचं हसणं गेलं. खोकला कसाबसा होता. भिंतीवरचा फोटो जागेवर होता, पण त्यातला माणूस तिला ओळखत नसल्यासारखा बघायचा.

आपण म्हातारे होतोय, ती स्वतःला सांगायची. तापानं डोकं पोखरलंय. शोक करणाऱ्या बायकांचं असंच होतं. ही सगळी कारणं चांगली होती. एकाचाही तिला उपयोग होत नव्हता.

बाई जिन्यात भेटल्या तेव्हा तिनं सरळच सांगून टाकलं, की बैठक बंद. कुणी येऊ नका. बाईंनी तिचा हात हातात घेतला. आम्हालाही तो हवाच आहे ना गं, म्हणाल्या. परवा पडल्या पडल्या त्याचं खोकणं आठवलं, इतकं स्पष्ट, जसा शेजारी निजलाय.

"तुम्हाला आठवतो तेवढा मला कमी होतो," ती म्हणाली.

बाईंना ते समजलं नाही. किंवा समजलं. त्या हात सोडून खाली निघून गेल्या. ती जिन्यातच उभी राहिली आणि तो कसा खोकायचा ते आठवायला लागली.

घरी येऊन तिनं करडा मोजा मांडीवर घेतला. उसवायचा, गुंडा करायचा आणि स्वेटरच्या पोटात परत ठेवायचा. टाके तिनंच घातलेले, शेवटची गाठ तिनंच मारलेली. पण धाग्याचं टोक सापडेना. उलटा केला, सुलटा केला, खिडकीशी उजेडात धरला. मोजा सगळीकडून सलग होता, कुठे सुरू नाही, कुठे संपत नाही, कातडीसारखा. कात्री आणायला ती उठली आणि तिचा हातच चालेना. कापलं तर काय कापलं जाईल, हा विचार तिच्या मनात आला होता. शेवटी तिनं मोजा स्वेटरमध्ये गुंडाळला, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली.

६

रविवारी दुपारी घंटी वाजली. तिनं दार उघडायचं नाही असं ठरवलं होतं. दार उघडायला ती कधी गेली ते तिला कळलं नाही.

तिघांत मिळून एकच बाटली आणली होती. ओळखायचं काही उरलंच नव्हतं. ती दारात आडवी उभी राहून म्हणाली, मी सांगितलं होतं, येऊ नका. होय होय, डॉक्टर म्हणाले, आणि तिच्या बाजूनं आत आले. बाईंनी चादर अंथरली. विमा भाऊजी न बोलता झोपायच्या खोलीत गेले. परक्या घरात माणूस जरा बिचकत चालतो. ते तसे चालले नाहीत. आपला स्वेटर काढायला निघालेल्या माणसासारखे गेले, तिला कुलपाचा आवाजही ऐकू आला नाही, आणि करडा मोजा घेऊन बाहेर आले. तिनं गळ्याला हात लावला. किल्ली साखळीत होती.

तिनं त्यांना काय काय म्हटलं त्या दुपारी. चोर म्हटलं, गिधाडं म्हटलं. मेल्या माणसाचा लचका तोडणारी तुम्ही, म्हणाली, आणि वर माझ्याच टेबलावर. आयुष्यभर गिळलेला राग एकदम बाहेर पडत होता आणि तिला थांबायचं नव्हतं. तिघांनी ऐकून घेतलं. बायको बोलत असताना ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्या नवऱ्याचा समजूतदारपणा तिघांच्याही तोंडावर सारखाच होता.

मग वाइन ओतली आणि तिघं एकदम ग्लासावर वाकले.

खिडकीतून उतरतीचं ऊन येत होतं. डॉक्टरांची मान डावीकडे कललेली. विमा भाऊजींचे खांदे जरा उचललेले. बाईंचा हात गालावर. तीन वेगळ्या माणसांचे तीन तुकडे होते, आणि जिथून ती बघत होती तिथून ते जुळले. त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत तो बसला होता. मान डावीकडे, खांदे उचललेले, हात गालावर, डाव्या गालावर. एका श्वासापुरता. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ओळखीची एक खूणही त्या डोळ्यांत नव्हती. यजमानीण जरा जास्तच बोलते, असं वाटणाऱ्या पाहुण्यासारखा त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि परत ग्लासात नाक घातलं.

तिघांनी श्वास सोडला आणि तिथे टेबल होतं.

७

ग्लास रिकामे झाले. बाटलीत तळाशी थोडी उरली होती. डॉक्टरांनी बाटली उचलली, उजेडात तिरकी धरली, आणि तिच्यापुढे केली.

"एवढी एक तुला," तिघंही म्हणाले. एकाच आवाजात म्हणाले, आणि तो आवाज खाली होता, जरासा घोगरा, आणि चांगला होता. तिला तो आवाज कुणाचा ते आठवायला हवं होतं.

तिनं बाटली घेतली. मोज्यातून ती कोमट लागत होती. तिला कळत होतं, की उरलंसुरलं सगळं यात आहे. प्यायली तर जिभेवर पाणी लागेल, नाकात काही येणार नाही, आणि संपेल. नाही प्यायली तर हे तिघं पितील. त्यांच्या ओठांकडे तिनं पाहिलं. ते किंचित उघडे होते, वाट बघत होते.

मला नाही तर कुणालाच नाही, असं ती म्हणाली की नुसतं तिच्या मनात आलं, कोण जाणे. स्वयंपाकघर चार पावलांवर होतं. तिनं बाटली बेसिनवर उलटी केली.

"अगं, राहू दे," मागून तो आवाज आला. भांडण सोडून देणारा. ती थांबली नाही. लाल धार पांढऱ्या बेसिनमध्ये गोल फिरली, जाळीपाशी घुटमळली आणि खाली गेली. पाइपात कुणीतरी खोकल्यासारखं झालं. तिनं नळ पूर्ण सोडला, डाग राहू नये म्हणून बोटांनी बेसिन घासलं, मोजा ओढून काढून पाण्याखाली पिळला. त्यातून गुलाबी पाणी निघालं, मग स्वच्छ.

ती वळली. तिघं स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. आता ते वेगवेगळे दिसत होते, वयस्कर, जरा थकलेले, दुपारच्या झोपेतून उठल्यासारखे. तिच्या तोंडात वाक्य तयार होतं. ते त्यांच्या तोंडावर फेकायला तिनं श्वास भरून घेतला.

"माझ्या," ती म्हणाली.

पुढचा शब्द आला नाही. जीभ जिथे जायची तिथे गेली आणि तिथे काही नव्हतं.

"काय गं?" बाईंनी विचारलं. "कुणाचं काय?"

डॉक्टर म्हणाले, बसा वहिनी, जरा पाणी घ्या. विमा भाऊजींनी खुर्ची ओढली. ही माणसं तिला वहिनी का म्हणतात ते तिला कळेना. हातात ओली करडी लोकर होती. कानशिलं पेटली होती, आणि छातीत एवढा राग होता की उभं राहवत नव्हतं. तो ओतला गेला नव्हता. आख्खाच्या आख्खा होता. ती त्या तिघांच्या चेहऱ्यांकडे एकेक करून बघत राहिली, तो कुणावर आहे, ते त्यांच्यातलं कुणीतरी सांगेल म्हणून.